पहिल्या हाकेला ओ

१

दुपारची जेवणं आटोपली की प्रतिभाला कुशीवर वळवायचं असे. पक्षाघातानं माझ्या बायकोची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. अशा माणसाला वेळच्या वेळी वळवलं नाही, तर पाठीला जखमा होतात. हे काम दोघांचं. तिच्याखाली एक आडवी चादर घातलेली असे. एकानं अलीकडून आणि एकानं पलीकडून चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून घट्ट धरायच्या आणि तीन म्हटलं की एकदम उचलून वळवायचं. आमच्या आया राहेलबाई पलीकडे, दाराच्या बाजूला उभ्या राहत. मी अलीकडे, खिडकीच्या बाजूला.

"एक, दोन..." राहेलबाई म्हणत, आणि मी उचलून मोकळा होत असे.

"डॉक्टर, तीनला! एवढे शिकलात, पण तीनपर्यंत काही तुम्हाला दम निघत नाही."

प्रतिभाच्या तोंडाची डावी बाजू हसे. दिवसातलं तिचं ते एकच हसू, आणि ते राहेलबाईंसाठी असे.

मी औषधाचा डॉक्टर नाही. संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली आणि जन्मभर तेच शिकवलं. तरी इथले लोक मला पोट बिघडल्याचं सांगत, आणि मी ओवा खा म्हणत असे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये प्रतिभाचं करणं मला एकट्याला झेपेना, तेव्हा आम्ही या वृद्धाश्रमात आलो. शिरूरहून मांडवगण फराट्याकडे जाणारा रस्ता, कडेला ऊस, आणि मिशनच्या काळातली एक लांबलचक बैठी इमारत. पुढं सलग व्हरांडा. व्हरांड्याच्या एका टोकाला आमची खोली, दुसऱ्या टोकाला अडगळीची.

प्रतिभाला तिथं सुरक्षित वाटावं, एवढीच माझी इच्छा होती. पुढं जे जे मी केलं ते त्यापायीच केलं. निदान मला तसं वाटतं.

२

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं आमच्याकडे घंट्या बसवल्या. यंत्रांमुळे वृद्धाश्रमातल्या सेवेचा दर्जा सुधारतो का, हे त्यांना पाहायचं होतं. प्रत्येक पलंगाशी एक डबी आणि तिच्या वायरीला लोंबणारं बटण. बटण दाबलं की आयांच्या खोलीत बेल वाजे आणि तिथल्या फळ्यावर त्या खोलीचा दिवा लागे. व्यवस्थापक बन्यामीनसर मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही इथंच राहता, आकडे तुमचाच विषय. निरीक्षण तुम्हीच करा."

मी आनंदानं हो म्हटलं. निवृत्त माणसाला कुणी काम सांगत नाही.

थोड्याच दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या बेलला कुणीच उठत नसे. दुसरीलाही नाही. तिसरी वाजली की आया लगेच निघत.

"एकदा वाजली म्हणजे कुणाचं तरी कोपर लागलं," राहेलबाई म्हणाल्या. "गरज असते तो तीनदा दाबतो. इथं सगळे तीनदाच दाबतात."

ते खरं होतं. गिताबाई व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या, त्यांना विचारलं. त्या वडगाव रासाईच्या. उमेदीची वर्षं त्यांनी मेंढरांमागं रानोमाळ काढली होती.

"मंग काय एकदा दाबू?" त्या म्हणाल्या. "पहिल्या हाकेला कुनी ओ देतं का, डागदर? रानात दिवस मावळताना कुनी नाव घिऊन हाक मारली, तर गप ऱ्हायचं. मान्साची आसंल तर तिसरी हाक येतीच. त्येची येत न्हाई. एकदा मारतंय, लई झालं तर दोनदा."

"ते म्हणजे कोण?"

"मला काय ठावं? मी कवा ओ दिली न्हाई." मग त्या बोळक्या तोंडानं हसल्या. "त्येला तीनपत्तोर मोजाया येत नसंल. शाळा न्हाई शिकलं, माझ्यावानी."

मीही हसलो. मला कारण सापडलं होतं. रानातली सवय घंटीपर्यंत आली होती, आणि म्हाताऱ्यांची पाहून आयांनीही ती उचलली होती. पण प्रतिभाला एकदा बटण दाबायलाच किती कष्ट पडत! तिचा अंगठा थरथरे, आणि कुणी येत नाही असं पाहून डोळ्यांत जी भीती उतरे, ती मला बघवत नसे. मी नुसता शेजारी बसून उपयोग नव्हता. तिला एकट्यानं उचलणं माझ्या हातून होत नाही, हे ती जाणून होती.

मी संस्थेला उपाय सुचवला. बटण दाबताच डबीनंच उत्तर द्यायचं. माणूस पोचेपर्यंत निदान आवाज पोचेल.

३

आवाज राहेलबाईंचा घ्यायचं ठरलं. पुण्याहून इंजिनिअर आला. खिडक्या लावून घेतल्या, आणि राहेलबाई त्याच्या छोट्या मायक्रोफोनपुढं अवघडून उभ्या राहिल्या.

"काय म्हणू?"

"रोज म्हणता तेच," मी म्हणालो.

"आले हं, आले."

नेमका त्याच वेळी रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला. त्याचा हॉर्न पहिल्या शब्दामागं बारीकसा उमटला. राहेलबाई पुन्हा म्हणायला तयार होत्या. मीच म्हणालो, राहू द्या, त्यानं काय बिघडतंय? इंजिनिअरनं तोच आवाज सगळ्या डब्यांतल्या चिपांवर चढवला. वीज सारखी जायची, म्हणून डबीत सेल घातले. अडगळीच्या खोलीपर्यंत वायर आधीच गेली होती, म्हणून तिथंही एक डबी ठोकली.

मग मी खोल्याखोल्यांतून हिंडून सगळ्यांना शिकवलं. बटण एकदाच दाबायचं, उत्तर मिळेल. आयांनीही पहिल्या बेललाच उठायचं. लोक ऐकत गेले. फक्त गिताबाई तीनदा दाबत, आणि डबी तीनदा "आले हं, आले" म्हणे. "किती येती गं बाई! ये की येकदाची," असं त्या डबीला म्हणत, आणि शेजारच्या बायका हसत.

प्रतिभात मात्र खरोखरच फरक पडला. ती दुपारची शांत झोपू लागली. कधी कधी काही नको असतानाही ती बटण दाबे, आवाज ऐके आणि डोळे मिटे. बन्यामीनसर खूश होते. आमच्या ट्रस्टच्या दौंडच्या दुसऱ्या आश्रमातही डब्या बसवायचं चाललं होतं. मला वाटलं, आयुष्यात एक तरी उपयोगी गोष्ट आपल्या हातून झाली.

४

जानेवारीतली दुपार होती. सगळीकडे सामसूम. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. वीज गेलेली, त्यामुळे पंख्यांचा आवाजही नव्हता. त्या शांततेत व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाकडून शब्द आले.

"आले हं, आले."

मी मान वर केली. त्या टोकाला अडगळीची खोली, आणि तिच्या दाराला बाहेरून कडी.

मी गेलो. कडी काढली. आत दुमडलेले लोखंडी पलंग, गाद्या, एक मोडकी चाकांची खुर्ची. भिंतीवर डबी होती आणि तिचं बटण वायरीला लोंबत होतं. ते किंचित हलत होतं. दार उघडल्यामुळे वारा आत आला असणार. बटण उंदरानं दाबलं असेल. आयांच्या खोलीत जाऊन पाहिलं. फळ्यावर अडगळीचा दिवा लागलेला नव्हता, पण वीजच नव्हती, मग तो लागणार कसा?

सगळं जुळत होतं. मी परत येऊन पेपर उघडला.

संध्याकाळी गिताबाईंनी बेल वाजवली. तीन वेळा "आले हं, आले", आणि तिन्ही वेळा मागं तो ट्रकचा बारीक हॉर्न. मी चहाचा कप खाली ठेवला. दुपारच्या आवाजात हॉर्न नव्हता.

वय झालंय, मी स्वतःला सांगितलं. डाव्या कानानं मला कमी ऐकू येतं. शिवाय स्मृती ही मापनाची फार कच्ची पद्धत आहे, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो. तरी दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक खोलीतलं बटण स्वतः दाबून पाहिलं. सगळीकडे हॉर्न होता. अडगळीच्या खोलीतही.

ऑफिसातून इंजिनिअरला फोन लावला.

"एखाद्या डबीतून हॉर्नशिवाय आवाज येऊ शकेल का?"

"नाही, सर. चिपमध्ये जे आहे तेच वाजणार. ती काय स्वतःहून बोलणार आहे?" तो हसला. मलाही हसावं लागलं.

५

पुढच्या खेपेला आवाज सोपानरावांच्या खोलीतून आला. सोपानराव तेव्हा पाबळला मुलीकडे गेले होते. खोली रिकामी होती. ती व्हरांड्याच्या मधोमध आहे. आवाज आमच्याकडे सरकत होता, असं म्हणायला मी तयार नव्हतो. दोन बिंदूंवरून दिशा काढू नये.

त्याच आठवड्यात मी एकदा जेवणघरातून परतलो, तर प्रतिभा डाव्या कुशीवर वळलेली होती. तोंड दाराकडे. पाठीशी उशी नीट लावलेली, दोन गुडघ्यांमध्ये छोटी उशी, चादरीला एक सुरकुती नाही. इतक्या हळुवारपणे तिला कुणी ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

राहेलबाई भेटल्या तेव्हा मी आभार मानले.

"मी कुठं? मी धुणं वाळत घालत होते. मला वाटलं, तुम्ही आणि सुषमानं वळवलं."

सुषमा ही दुसरी आया. ती म्हणाली, "मी न्हाई बाई. माझी कंबर धरलीय सकाळपासनं. मला वाटलं, राहेलताई हाय आत. आवाज येत व्हता की त्यांचा."

राहेलबाई तशाच मागं दोरीकडे निघून गेल्या.

मी प्रतिभाजवळ बसलो. "कुणी वळवलं तुला?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तिथं हिरवा पडदा होता. तिच्या तोंडाची डावी बाजू हसली.

असं आणखी काही वेळा घडलं. मी जेवायला किंवा आंघोळीला जाई, तेवढ्यात. प्रतिभाच्या पाठीची जखम भरत आली. महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी पाहून म्हटलं, "सेवा उत्तम चाललीय इथं." मी मान डोलावली. दुसरं काय सांगणार होतो?

६

शनिवारी राहेलबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत होत्या, पण हात कोरडेच होते.

"डॉक्टर, माझा आवाज काढा त्यातनं."

"का?"

"मी मागं दोरीवर चादरी घालत होते, आणि इथनं माझाच आवाज आला. बेल नाही, काही नाही. मला वाटलं, मीच आत आहे, आणि बाहेर दुसरंच कुणीतरी चादरी घालतंय." त्या थांबल्या. "आमच्या मिशनच्या देवळात असलं काही मानत नाहीत. मीही मानत नाही. पण मी कुणाला 'आले' म्हणतेय, ते मला कळायला नको?"

"राहेलबाई, ही चिप आहे. आणि प्रतिभाला आता त्या आवाजाची सवय झालीय. तो बंद केला तर ती घाबरेल."

"बाईंना माझी सवय आहे, का त्याची?"



राहेलबाई दुसऱ्या दिवशी दौंडला भाचीच्या लग्नाला जाणार होत्या. दिवस मावळेपर्यंत परत येते म्हणाल्या. "तोवर सेल तरी काढून ठेवा," त्यांनी सांगितलं, आणि मी कबूल केलं.

व्हरांड्यात गिताबाई होत्या. सगळं ऐकलं असणार.

"डागदर, त्येनं लई वर्सं हाका मारल्या आसतील," त्या म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या. "कुनी ओ दिली नव्हती. तुमच्या डबीनं दिली. आन् तुमी बाईंना येकदाच दाबाया शिकवलंय. आता कोन कुनाला हाक मारतंय, त्येला तरी कसं कळावं?"

मी खोलीत गेलो. त्यांना सुशिक्षित माणसासारखं उत्तर द्यायला हवं होतं.

७

रविवारी दुपारी बाकीचे सगळे हॉलमध्ये प्रार्थनेला बसले होते, मग तिथंच चहा होता. सुषमाही तिकडेच होती. मी खोल्याखोल्यांतून सेल काढत आलो. तसं करताना मूर्खासारखं वाटत होतं. अडगळीच्या खोलीतले सेल काढताना मात्र मी दाराकडे पाठ केली नाही.

शेवटी आमची खोली. प्रतिभा उताणी होती. मी डबी उघडली तशी तिची नजर माझ्या हातांवर खिळली. वीज नव्हतीच. सेल निघाले, बारका हिरवा दिवा विझला. सगळे सेल माझ्या खिशात जड लागत होते.

"राहेलबाई संध्याकाळी येतील," मी म्हणालो. "तोवर मी आहे."

तिनं बटण दाबलं. एकदा.

डबी गप्प राहिली. तिच्या डोळ्यांत ती जुनी भीती उतरली.

मग व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाकडून आवाज आला.

"आले हं, आले."

मागं हॉर्न नव्हता. कोणताही खरखराट नव्हता. नुसता राहेलबाईंचा आवाज, घाईत असलेल्या मायाळू बाईचा.

लग्नाहून लवकर परतल्या असतील, मी स्वतःला म्हणालो. जेवून लगेच निघाल्या असतील, दौंडहून जीप मिळाली असेल. चपलांचा आवाज येत होता, पण राहेलबाई व्हरांड्यात नेहमी अनवाणी चालत.

"प्रतिभा," मी खाली वाकून म्हणालो, "आणखी दोनदा दाब. ऐक माझं. तीनदा दाब."

तिनं बटणावरचा अंगठा उचलून घेतला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. दाराकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडाची डावी बाजू हसत होती.

हिरवा पडदा सरकल्याची सळसळ झाली. मी नजर चादरीवरच ठेवली. जे पाहिलं नाही त्याबद्दल मला पुढं शंका घेता येईल, असा काहीसा विचार डोक्यात होता. ओरडूनही उपयोग नव्हता, हॉलमध्ये पेटी वाजत होती.

आडवी चादर पलीकडून ताणली गेली.

प्रतिभाचं अंग त्या बाजूला सरकू लागलं, तशा मी माझ्या बाजूच्या कडा पकडल्या. सवयीनंच पकडल्या असतील. अंगाजवळ गुंडाळून, घट्ट. तिचं वजन माझ्या हातांवर आलं. सोडलं असतं तर ती पलीकडे गेली असती, पूर्ण.

माझी नजर थोडी वर गेली, फार नाही. पलीकडची कडही अंगाजवळ व्यवस्थित गुंडाळलेली होती, आणि गुंडाळीवर बोटं होती. मी ती मोजू लागलो, दुसरं काही मला येत नाही. मोजता मोजता मी डोळे मिटून घेतले.

"एक," राहेलबाईंचा आवाज म्हणाला.

चादर थोडी आणखी ताणली गेली.

"दोन."

मी वाट पाहिली. इतके महिने मी दोनलाच उचलत आलो होतो. आज मी उचललं नाही. पलीकडूनही काही येत नव्हतं. तिथं कुणीतरी फार धीरानं थांबलं होतं. पुढं काय म्हणतात ते कुणीतरी सांगावं, म्हणून थांबलेलं.

चादर माझ्या मुठींतून सरकू लागली. या वयात हातांत किती बळ असणार? सोडवेना आणि धरवेना. प्रतिभानं घशातून एक बारीक आवाज काढला, लहान मूल घाई करतं तसा.

"तीन," मी म्हणालो.

ती वळली. कधीच वळली नव्हती इतक्या अलगद, पाण्यात वळावी तशी. हातांतली चादर सैल झाली. पाठीशी उशी कुणी लावली, मला माहीत नाही. मी डोळे उघडले तेव्हा उशी जागेवर होती. पडदा स्थिर होता. खोलीत आम्ही दोघंच होतो, असं मी म्हणू शकतो. माझ्या बाजूनं दिसत होतं तेवढ्यापुरतं.

प्रतिभाची पाठ माझ्याकडे होती. मी तिच्यावर हात ठेवला. ऊब होती, श्वास चालू होता. तिचा चेहरा पाहायचा तर पलंगाला वळसा घालून दाराच्या बाजूला जायला हवं होतं. मी खुर्चीत बसलो. हॉलमधली पेटी कधीच थांबली होती. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर चढलं, पिवळं झालं, तरी मी उठलो नाही.

दिवस मावळताना फाटकाशी जीप थांबल्यासारखी वाटली. मग व्हरांड्यातून राहेलबाईंची हाक आली.

"डॉक्टर!"

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ओ द्यायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"डॉक्टर!" आता पडद्याजवळून.

प्रतिभाच्या पाठीवर हात ठेवून मी तिसऱ्या हाकेची वाट पाहू लागलो.